मुद्दाम की चुकून?

वीस वर्षांच्या मास्तरकीत एक वाक्य मी हजार वेळा तरी ऐकले असेल: "सर, मी मुद्दाम नाही केलं!" कोणाच्या वहीवर शाई सांडलेली असते, कोणाच्या कपाळावर टेंगूळ आलेले असते आणि आरोपी रडवेल्या चेहऱ्याने टेबलापुढे उभा असतो. टेंगूळ सगळ्यांना दिसते, 'मुद्दाम' मात्र कोणालाच दिसत नाही. तरीही शिक्षा ठरवण्याआधी त्या न दिसणाऱ्या गोष्टीचाच निकाल लावावा लागतो.

वाचकहो, फौजदारी कायद्याचा सारा डोलारा याच एका शब्दावर उभा आहे. नुसते वाईट कृत्य म्हणजे गुन्हा नव्हे आणि नुसता मनातला वाईट विचारही गुन्हा नव्हे. कृत्य आणि दुष्ट हेतू यांची गाठ पडावी लागते, असा मूळ नियम. अपवाद आहेत, पण ते अपवादच.

गुन्ह्यांची प्रतवारी आपल्याला नवी नाही. मनुस्मृतीने तंट्यांची अठरा प्रकरणे पाडली. त्यांत कर्जाची वसुली आणि चोरी एकाच पंक्तीला बसली आहेत. दंडाचेही प्रथम, मध्यम आणि उत्तम असे टप्पे होते. पण गुन्हा करणारा कोणत्या वर्णाचा आणि ज्याच्याविरुद्ध झाला तो कोणत्या वर्णाचा, यावर दंड कमीजास्त होई. तिकडे इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशीची शिक्षा होती. एकीकडे माणूस पाहून बदलणारा तराजू, तर दुसरीकडे जवळजवळ सगळ्याच मालाला एक वजन!

1834 मध्ये मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली विधी आयोग नेमला गेला. त्याचा मसुदा 1837 मध्ये तयार झाला, पण तो कायदा व्हायला 1860 साल उजाडले. भारतीय दंड संहितेची 511 कलमे 1 जानेवारी 1862 पासून अमलात आली. नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले होते आणि 1861 मध्ये मध्य प्रांत जन्माला आला होता. म्हणजे आमच्या नागपुरात प्रांत आणि दंडविधान ही दोन्ही बाळे एकाच पाळण्यात वाढली म्हणा ना!

या संहितेने मृत्यूची प्रतवारी कशी केली, ते एका नागपुरी दाखल्याने पाहू. माडीवरून दोराने संत्र्यांची पेटी खाली सोडताना ती रस्त्यावरच्या माणसावर पडली आणि तो दगावला. दोर मजबूत होता, काळजीही घेतली होती, तरी तो तुटला, तर तो अपघात, गुन्हाच नाही. दोर झिजल्याचे ठाऊक असून तोच वापरला, तर हयगयीने ओढवलेला मृत्यू. ही पायरी संहितेत 1870 मध्ये जोडली गेली. खाली माणसे उभी आहेत आणि कोणाचा तरी जीव जाण्याचा संभव आहे, हे जाणूनही पेटी भिरकावली, तर सदोष मनुष्यवध. आणि वैऱ्याला ठार करायचे म्हणून त्याच्या डोक्यावर नेम धरून टाकली, तर खून. पेटी तीच, मेलेला माणूसही तोच. पण एकजण संध्याकाळी घरी जेवायला जातो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर फाशीचा दोर लोंबतो. मधले अंतर सारे मनाचे.

हे मन न्यायाधीशाने वाचायचे कसे? याचे उत्तर देणारा माणूस आमच्या नागपूरचाच. व्हिव्हियन बोस येथेच वकिली करीत होते. येथल्या विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले आणि 1936 मध्ये नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाल्यावर तेथे न्यायाधीश झाले. सिव्हिल लाइन्समधली ती घुमटाची देखणी इमारत 1940 मध्ये उभी राहिली; आज तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ बसते. बोस 1949 मध्ये मुख्य न्यायाधीश झाले आणि 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले.

मार्च 1958 मध्ये त्यांच्यापुढे पंजाबातला विरसा सिंग खटला आला. शेजारी न्यायमूर्ती इमाम आणि आपले गजेंद्रगडकर होते. भाल्याचा एकच घाव पोटात बसला होता आणि जखमी माणूस दुसऱ्या दिवशी मरण पावला. वकिलांचे म्हणणे असे की, मरण ओढवेल एवढी जखम करण्याचा आरोपीचा हेतू सिद्ध झालेला नाही. बोसांनी क्रम घालून दिला. जखम झाली काय? ती कोणत्या प्रकारची? तीच जखम करण्याचा हेतू होता, की ती चुकून अथवा भलतीकडेच झाली? आणि शेवटी, अशी जखम सामान्यतः मरण ओढवायला पुरेशी आहे काय? जखम मुद्दाम केली असेल, तर ती प्राणघातक आहे हे मला ठाऊक नव्हते, ही सबब चालणार नाही. अपील फेटाळले गेले आणि जन्मठेप कायम राहिली.

पण हीच कसोटी दुसऱ्याला तारूही शकते. 1960 च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एका घावाचा खटला आला. आरोपी एकावर धावून गेला, त्याचा भाऊ मध्ये पडला, चाकूचा वार त्याच्या मांडीवर बसला आणि मोठी रक्तवाहिनी तुटून तो गेला. नेमकी तीच जखम करायची होती, हे सिद्ध होईना. म्हणून खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरला.

कायदा हे तत्त्व नेहमी पाळतो असे मात्र नाही. 1871 मध्ये ब्रिटिश सरकारने काही जमाती 'गुन्हेगार' म्हणून नोंदवण्याचा कायदा केला. तेथे कृत्य विचारले नाही, हेतू विचारला नाही; जन्म तेवढा पाहिला. पाळण्यातल्या पोराने कोणती गोष्ट मुद्दाम केली होती? तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, परंतु तो शिक्का लोकांच्या नजरेतून अजून पुरता पुसलेला नाही.

1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. 511 ऐवजी 358 कलमे झाली. खुनाची व्याख्या 300 व्या कलमातून 101 व्या कलमात गेली, पण तिचा गाभा तोच राहिला.

आता दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडेल. पुन्हा कोणीतरी टेबलापुढे उभा राहील आणि म्हणेल, "सर, मी मुद्दाम नाही केलं." पूर्वी मला ती पळवाट वाटे. हल्ली मी खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, "बरं, मग काय झालं ते सांग." न्यायाची सुरुवात तेथूनच होते.