ग्रहांच्या वाटा आणि निसर्गाची रीत

एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहाकडे जाण्याचा मार्ग आखण्याची विद्या जेमतेम शंभर वर्षांची आहे. आणि तिचा पाया कोणा वेधशाळेत घातला गेला नसून, जर्मनीतील एसेन शहराच्या बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्या वाल्टर होमान या स्थापत्य अभियंत्याने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो घातला गेला. दोन्ही ग्रहकक्षांना स्पर्श करणारी अर्धलंबवर्तुळाकार वाट इंधनाच्या दृष्टीने काटकसरीची ठरते, असे त्याने दाखविले. त्या वाटेने मंगळ गाठण्यास सुमारे साडेआठ महिने लागतात.

१९६१ साली कॅलिफोर्नियातील मायकेल मिनोविच या विद्यार्थ्याने संगणकाच्या साहाय्याने असे सिद्ध केले, की ग्रहाजवळून योग्य कोनाने गेलेल्या यानास त्या ग्रहाच्या गतीचा अंश इंधनाचा फारसा व्यय न करता लाभतो. १९७४ साली मरिनर-१० यान शुक्राचे असेच साहाय्य घेऊन बुधापर्यंत पोहोचले, आणि १९९७ साली निघालेले कॅसिनी दोनदा शुक्राजवळून, मग पृथ्वी व गुरू यांच्याजवळून जाऊन २००४ साली शनीच्या मुक्कामी दाखल झाले.

परंतु प्रवासातले टप्पे वाढले तशी अडचणही वाढली. अशा प्रवासात प्रस्थानाची तिथी आणि प्रत्येक टप्प्याची मुदत यांत थोडा फेरफार केला, तरी इंधनाचा जमाखर्च पार बदलतो. आणि चांगले भासणारे असंख्य मार्ग खऱ्या उत्तम मार्गापासून दूर असल्यामुळे, पायरीपायरीने सुधारत जाणारी जुनी गणितपद्धती त्यांपैकी एखाद्यातच अडकून पडते.

येथे निसर्गाची रीत कामास आली. बर्लिनमध्ये इंगो रेखेनबर्ग यांनी, आणि अमेरिकेत जॉन हॉलंड यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात, उत्क्रांतीचे तत्त्व गणनेस लावले होते. पुढे रायनर स्टॉर्न व केनेथ प्राइस यांनी, दोन उमेदवार उत्तरांमधील फरक तिसऱ्यात मिळवून नवे उत्तर घडविण्याची पद्धत मांडली. प्रवासाच्या तारखांचा प्रत्येक संच हा जणू एक जीव मानावा, कमी इंधनाचे संच राखावेत, त्यांचा संकर करावा, आणि पिढ्यानपिढ्या ही निवड चालू ठेवावी, असा हा क्रम आहे.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या प्रगत संकल्पना पथकाने २००५ साली मार्गरचनेची जागतिक स्पर्धाच सुरू केली. आणि गुरूच्या चार मोठ्या चंद्रांची परिक्रमा आखण्याच्या त्याच पथकाच्या कार्यास, ज्यात उत्क्रांतीच्या गणनेस शाखाशोधाची, म्हणजे पर्यायांच्या फांद्या धुंडाळण्याच्या रीतीची, जोड दिलेली होती, २०१३ साली मानवी कौशल्याशी तुल्य ठरणाऱ्या यंत्रनिर्मित फलितांसाठीचे सुवर्णपारितोषिक मिळाले.

तथापि मार्ग कोणत्या ग्रहाकडे जावा, किती खर्च परवडेल, आणि उत्तम कशास म्हणावे, याचा निवाडा यंत्र करीत नाही. होमान व मिनोविच यांनी दाखविलेल्या तत्त्वांच्या चौकटीतच त्याचा शोध चालतो, म्हणून या विद्येचे श्रेय प्रथम त्या चौकटीच्या शिल्पकारांनाच दिले पाहिजे.