ध्वनी, छायाचित्र आणि नोंदपत्र : पासामाक्वॉडी गीतांच्या निमित्ताने

मार्च 1890 मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स याने अमेरिकेतील मेन राज्यात, कॅनडाच्या सरहद्दीवरील कॅलस या गावी, पासामाक्वॉडी जमातीच्या काही जाणत्यांपुढे एडिसनचा फोनोग्राफ मांडला. नोएल जोसेफ्स, पीटर सेल्मोर इत्यादींनी कर्ण्यात तोंड घालून गाणी म्हटली, कथा सांगितल्या. क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाचे हे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण. फ्यूक्सच्या लेखी ती एक चाचणी होती; त्याला हे यंत्र न्यायचे होते ते नैर्ऋत्येकडील झुनी लोकांकडे, आणि त्याच वर्षी तो तेथे गेलाही. त्याचे शिक्षण प्राणिशास्त्राचे. लुप्त होऊ घातलेल्या जातीचा नमुना जपून ठेवावा, तसा लुप्त होऊ घातलेल्या भाषेचा आवाज जपावा, ही त्याची धारणा. तीत दुष्टावा नव्हता. पण गाणे हा नमुना ठरला की ते कोणी, कोणासाठी, केव्हा गायचे हे प्रश्न आपोआप गौण होतात.

मेणाच्या सिलिंडरवर दोन-तीन मिनिटांहून अधिक काही मावत नसे. त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या नृत्यगीताचा एक तुकडा तेवढा उरला, आणि पुढे तो तुकडाच 'संहिता' म्हणून नांदू लागला. शिवाय प्रत्येक वेळी सुई फिरली की मेण झिजते. ऐकणे म्हणजे थोडेसे नष्ट करणे, आणि नष्ट होऊ द्यायचे नसेल तर न ऐकणे. मौखिक परंपरेचा न्याय याच्या नेमका उलटा आहे. तेथे गाणे टिकते ते पुन्हापुन्हा म्हटल्यामुळे. ही सिलिंडरे हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात आठ दशके राहिली आणि 1970 मध्ये काँग्रेसच्या ग्रंथालयाकडे आली. उरलेली सिलिंडरे 31. संग्रह मात्र ओळखला जातो फ्यूक्सच्या नावाने.

ही बाब केवळ ग्रंथालयीन सोयीची मानता येत नाही. गायकांची नावे अज्ञात नव्हती. फ्यूक्सनेच आपल्या लेखनात ती दिली होती. तरीही कर्तेपण गेले ते यंत्र चालवणाऱ्याकडे, आणि गाणारा 'माहिती देणारा' एवढाच उरला. ('पारंपरिक', 'अनाम' ही बिरुदे मराठी लोकगीतांच्या संपादनातही सवयीने लावली जातात, त्यामागे गाणारीचे नाव विचारलेच नव्हते, असेही क्वचित असू शकते.) देरिदाने 1994 च्या आपल्या व्याख्यानात अभिलेखागार या शब्दाचे मूळ ग्रीक दंडाधिकाऱ्यांच्या निवासात शोधले : दस्तऐवज ज्याच्या घरी, अर्थ लावण्याचा अधिकारही त्याचा. नोंदपत्रावरील शीर्षक हा त्या अधिकाराचा सर्वांत लहान आणि म्हणूनच सहज नजरेआड होणारा आविष्कार होय.

छायाचित्रांच्या बाबतीत हा अधिकार अधिक उघडपणे वावरतो. एडवर्ड कर्टिसने 1907 ते 1930 या काळात उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींवर वीस खंड प्रसिद्ध केले. त्याच्या 1910 च्या एका छायाचित्रात पीगन जमातीचे दोन पुरुष तंबूत बसले आहेत. त्यांच्यामध्ये एक घड्याळ होते. छापील प्रतीतून ते खोडले गेले. मूलनिवासी माणसाकडे घड्याळ असणे म्हणजे त्याला वर्तमानकाळ असणे, आणि संग्राहकाला हवा होता तो अस्तंगत भूतकाळ. गंमत अशी, की खोडाखोड न केलेले रूपही काँग्रेसच्या ग्रंथालयातच सुरक्षित आहे. अभिलेखागार आपल्या विरुद्धचा पुरावाही जपून ठेवते, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवे.

पासामाक्वॉडी तर लुप्त झाले नाहीत. जमिनीच्या दाव्यात त्यांनी संघराज्याला न्यायालयात खेचले, आणि 1980 च्या कायद्यान्वये मेनमधील जमातींना 8 कोटी 15 लाख डॉलरांची तडजोड मिळाली. त्याच सुमारास ग्रंथालयाने 1979 मध्ये हाती घेतलेल्या सिलिंडर-प्रकल्पातून त्यांच्याकडे ध्वनिफिती परत आल्या. पण खरखरीतून शब्द हाती लागत नव्हते. प्रत परत आली होती, गाणे आले नव्हते.

पुढच्या दशकांत ध्वनिशुद्धीचे तंत्र बदलले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऐकणारा बदलला. नव्याने अंकित केलेली मुद्रणे भाषेचे जाणकार ड्वेन टोमाह यांनी पुन्हापुन्हा ऐकून लिहून काढली, त्यांचे अर्थ लावले, आणि ती गाणी लोकांपुढे पुन्हा गायली. 2018 पासून ग्रंथालयाच्या नोंदीत इंग्रजीबरोबर पासामाक्वॉडी शीर्षके दिसू लागली, आणि जमातीने ठरवलेली तीन लेबले आली. त्यांचा आशय साधारण असा : 'असे केले जाते', 'हे शिकवण्यासाठी आहे', 'हे विकले जात नाही'. जमातीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कोणते गाणे कोणाला ऐकू द्यायचे, हे तिचे तीच ठरवते.

या लेबलांना कायद्याचे बळ नाही. होपी जमातीने 1994 मध्ये संग्रहालयांना आपल्या गुप्त विधींविषयीची सामग्री संशोधकांसाठी बंद करण्याची विनंती केली, तेव्हा ज्ञानाच्या मुक्ततेचा मुद्दा अनेक अभ्यासकांनी पुढे केला होता. तो अगदीच पोकळ नाही. पिढ्या बदलतात, आणि आज बंद केलेले दार उद्याच्या होपी विद्यार्थ्यालाही बंदच मिळू शकते. परंतु ही मुक्तता ज्या कर्ण्यातून आली, त्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याला ती कोणी विचारली नव्हती. 1990 च्या कायद्याने अस्थी आणि विधिवस्तू परत मागण्याचा हक्क जमातींना दिला. आवाज आणि छायाचित्रांच्या प्रती त्यात आल्या नाहीत. अमेरिकेतील अभिलेखपालांच्या संघटनेने मूलनिवासी सामग्रीविषयीचे 2006 चे संकेत मान्य करायला 2018 उजाडले.

ग्रंथालयातील संग्रहाचे नाव अजूनही फ्यूक्सचेच आहे. त्याखाली, गाण्यागणिक, पासामाक्वॉडी भाषेत लिहिलेले असते : हे विकले जात नाही.