अफझलखानवध आणि टिळकांचा युक्तिवाद

१/ पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट प्रतापगडाजवळून जातो. याच गडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली. भेट सलोख्याची ठरली होती. खान तेथून जिवंत परतला नाही.

२/ पुढे वाद रंगला तो पहिला वार कोणाचा, यावर. सभासद बखरीनुसार खानाने आधी महाराजांची मान कवटाळून कट्यार चालवली. अंगातील चिलखतामुळे ते बचावले. १८२६ मध्ये ग्रँट डफने आपल्या ग्रंथात विश्वासघाताचा दोष महाराजांवरच ठेवला.

३/ जून १८९७. पुण्यातील शिवराज्याभिषेकोत्सवात प्रा. भानू यांनी याच विषयावर व्याख्यान दिले. अध्यक्षस्थानी लोकमान्य टिळक होते. त्यांनी हा वादच ओलांडला. वध महाराजांनीच आधी योजला होता असे क्षणभर गृहीत धरले, तरी ते कृत्य निंद्य ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

४/ आधार गीतेचा. स्वार्थासाठी नव्हे, तर फलाची आसक्ती सोडून लोकहितासाठी केलेल्या कर्माचे पाप कर्त्याला लागत नाही. थोर पुरुषांची कृत्ये पीनल कोडच्या मापाने मोजू नयेत.

५/ हा वृत्तान्त १५ जूनच्या ‘केसरी’त आला. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. टिळकांवर खुनाचा आरोप नव्हता. खटला ‘केसरी’तील लेखनावरून राजद्रोहाचा चालला आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

६/ दोन्ही समर्थनांत मूलभूत फरक आहे. सभासदाचे म्हणणे पुराव्यावर तपासता येते, खोडताही येते. टिळकांचा युक्तिवाद कर्त्याच्या अंतःकरणावर उभा आहे, आणि तिथला साक्षीदार कर्ता स्वतःच असतो. शिवाय हेतू कितीही निर्मळ असला, तरी साधनाचे परिणाम त्याच्या ताब्यात राहत नाहीत. त्या रात्री रँड यांच्याबरोबर लेफ्टनंट आयर्स्ट यांचाही बळी गेला.

७/ बलाढ्य फौजेसमोर उभ्या असलेल्या लहान राज्याला सारेच मार्ग खुले नसतात, हे मान्य करावेच लागते. पण म्हणूनच ‘पहिला वार कोणाचा?’ हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने सोडू नये. तो सोडला, की थोर हेतूच्या नावावर कोणतेही कृत्य खपवता येते, आणि ती सवलत मग शत्रूलाही नाकारता येत नाही.