काम, माणूस आणि घर : मुंबई शहर जिल्ह्याची दीडशे वर्षे

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या पस्तीस जिल्ह्यांपैकी तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या गणनेपेक्षा कमी भरली. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला, रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला आणि मुंबई शहर जिल्हा ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर उतरला. कोकणातले दोन जिल्हे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माणसे पुरवीत आले, तेव्हा त्यांची संख्या घटली याचे नवल नाही. परंतु ज्या जिल्ह्याने ही माणसे घेतली, त्याचीच घट सर्वांत मोठी, साडेसात टक्क्यांची, असावी हे विचार करावयास लावणारे आहे. देणाराही रिता आणि घेणाराही रिता, मग माणसे गेली कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस मुंबईच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात मागे जावे लागले.

येथे मुंबई म्हणजे कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतचे जुने बेट, हे आरंभीच सांगितले पाहिजे. १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबईचे दोन जिल्हे झाले. बेट मुंबई शहर जिल्ह्यात राहिले आणि वांद्र्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग उपनगर जिल्ह्यात गेला. जनगणनेने शहर जिल्ह्याचे क्षेत्र १५७ चौरस किलोमीटर धरले असून त्या हिशेबाने २०११ मध्ये घनता दर चौरस किलोमीटरला १९,६५२ येते. महापालिकेच्या हिशेबात मात्र शहर विभागाचा भूभाग सुमारे ६८ चौरस किलोमीटरच आहे. तो धरल्यास हाच आकडा पंचेचाळीस हजारांच्या पुढे जातो. सरकारी आकडा वाचताना त्याचा भाजक कोणता हे आधी पाहावे, हा नोकरीत लागलेला सराव येथे उपयोगी पडतो.

या बेटाच्या इतिहासात एक क्रम पुनःपुन्हा दिसतो. काम आधी येते, माणूस त्याच्या मागोमाग येतो आणि घर सर्वांत शेवटी, बहुधा एखादी पिढी उलटल्यावर, येते.

याचा पहिला दाखला १८६४ चा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत झालेल्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला, शेअरबाजार कोसळला आणि १८७२ च्या गणनेत तीच वस्ती ६,४४,४०५ इतकी राहिली. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी झाली. तोवर मुंबईकर असा कायमचा कष्टकरी वर्ग बनलेला नव्हता. काम संपले की माणूस गावी परतत असे.

त्याला शहरात रोवले ते गिरण्यांनी. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढील चार दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा पट्टा धुराड्यांनी भरला. भोंग्यावर पाळीला हजर राहायचे, तर गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणे भाग होते. गिरण्यांच्या भोवती चाळी उठल्या. दहा-बारा फुटांची खोली, समाईक नळ, समाईक संडास, आणि एकेका खोलीत गावकीच्या नात्याने एकत्र राहणारे दहा-पंधरा पुरुष, असे हे जीवन होते. गोव्याच्या खलाशांनी आणि स्वयंपाक्यांनी धोबीतलावाच्या परिसरात गावागावांचे ‘कूड’ उभारले, ते याच गरजेपोटी. १९२१ च्या गणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या. या एका आकड्यात कोकणातल्या आणि घाटावरच्या लाखो घरांची फाटाफूट सामावलेली आहे. पुरुष येथे, बायको-मुले गावी आणि दोहोंमध्ये मनीऑर्डर, अशी त्या संसारांची रीत होती.

स्त्रियांचे कष्ट या हिशेबात सहसा येत नाहीत, म्हणून त्यांचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. १९२० च्या दशकात गिरण्यांतील कामगारांचा सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्या प्रामुख्याने असत. पुढे यंत्रे बदलली, नियम बदलले आणि स्त्रिया गिरणीतून जवळजवळ नाहीशा झाल्या. त्यांपैकी अनेकींनी घरीच खाणावळी चालवून एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घातले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ हे अशाच खाणावळवाल्या बायांचे संघटन होते. जनगणनेच्या तक्त्यात मात्र यांतील कितीतरी जणी ‘काम न करणाऱ्या’ म्हणून नोंदल्या गेल्या असतील.

घराचा प्रश्न सरकारच्या ध्यानी आला तो साथीमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उद्भवला आणि काही महिन्यांत सुमारे निम्मी मुंबई ओस पडली. १९०१ च्या गणनेत वस्ती ७,७६,००६, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसविल्या. पण रस्त्यांसाठी ज्या गरिबांची बिऱ्हाडे मोडली, त्यांना त्या वसाहती परवडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी शेजारच्या चाळीतच दाटी केली. सुधारणेने गर्दी हटविली नाही, ती सरकवली.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. ‘बीडीडी’ चाळी त्याच खात्याच्या होत. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती. प्रत्येकीत ऐंशी खोल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. आरंभी यांतील अनेक खोल्या रिकाम्या पडून होत्या, कारण भाडे जास्त आणि सोयी कमी. कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा सरकारने चक्क तुरुंग म्हणून उपयोग केला. ज्या घरांत कामगार जाण्यास राजी नव्हते, ती सत्याग्रहींना कोंडण्यास योग्य ठरावीत, यातच त्या बांधणीची परीक्षा झाली. तरीही पुढील शंभर वर्षे याच खोल्यांनी चार-चार पिढ्यांचे संसार सांभाळले.

१९४१ मध्ये सुमारे पंधरा लाख असलेले बेट १९५१ मध्ये २३,२९,०२० वर पोहोचले. युद्धकाळातील कामधंदा आणि फाळणीनंतर आलेले निर्वासित ही त्याची मुख्य कारणे. भाडी आवाक्यात राहावीत म्हणून १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. या कायद्याने लाखो कुटुंबांचे छप्पर टिकविले, हे नि:संशय. पण भाड्यासाठी चाळ बांधणारा मालक त्यानंतर दिसेनासा झाला, जुन्या इमारतींची डागडुजी थांबली आणि नव्याने येणाऱ्यासाठी पागडी किंवा झोपडी एवढेच पर्याय उरले. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. उपकर भरणाऱ्या अशा १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. काम होते, माणसे होती, नवे घर मात्र कोणी बांधीत नव्हते.

अशा स्थितीत कामच उठले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरण्याही विरत गेल्या. कापडाचा धंदा यंत्रमागांकडे, भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीकडे आधीच सरकू लागला होता. लाखाहून अधिक कामगारांची नोकरी कायमची गेली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यावर गोदीचे कामही खाडीपलीकडे जाऊ लागले आणि घाऊक बाजार वाशीला गेले. इंदूरच्या वाचकांना यात आपल्या शहराचे प्रतिबिंब दिसेल. तेथील हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागला. मधल्या बत्तीस वर्षांत किती कामगार हयात राहिले, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

मुंबईत प्रश्न देण्यांपुरता नव्हता, जमिनीचाही होता. ५८ गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन वाटे ठरविले : एक सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक सरकारी घरबांधणीसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने मात्र ही वाटणी मूळच्या मोकळ्या जागेपुरती राहिली. गिरणीची इमारत पाडून रिकामी होणारी जागा तीतून वगळली गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या अर्थाला हरकत घेतली, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली. शहराला आणि कामगाराला मिळावयाचा मोठा वाटा एका व्याख्येत आटला. नियमातील एका शब्दाने किती माणसांचे भवितव्य बदलते, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस आठवत नाही.

त्या जमिनीवर काम पुन्हा आले. लोअर परळला आज कचेऱ्या आहेत, दुकानांचे मॉल आहेत, उपाहारगृहे आहेत. पण येथे जुना क्रम मोडला. काम आले, मात्र माणूस त्याच्यामागून येथे राहावयास येऊ शकला नाही. बेटाची वस्ती १९८१ मध्ये ३२,८५,०४० होती. तीस वर्षांनी ती दोन लाखांनी कमी भरली. याच काळात उपनगरांची वस्ती सुमारे पन्नास लाखांवरून ९३,५६,९६२ झाली. तेव्हाचा अविभक्त ठाणे जिल्हा २००१ ते २०११ या दहाच वर्षांत ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. चाळीतली मुले मोठी झाली, खोली पुरेना, तेव्हा ती डोंबिवली, कल्याण, नालासोपारा, विरारकडे गेली. गावाहून येणारा नवा तरुणही आता परळला न उतरता थेट तिकडेच जातो. आणि मग सकाळी लोकलने बेटावर कामाला येतो.

बेटावर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या २००१ मध्ये ७७७ होती, ती २०११ मध्ये ८३२ झाली. एकट्या पुरुषांचे शहर हळूहळू कुटुंबांचे होत आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु रिकाम्या घरांचा आकडा तिच्याशेजारी ठेवला पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने देशात सर्वाधिक रिकामी घरे मुंबईत, सुमारे ४.८ लाख, असल्याचे जनगणनेच्या आधारे नमूद केले. घरे कमी म्हणून माणसे बाहेर, आणि माणसे परवडत नाहीत म्हणून घरे कुलूपबंद, असा हा विचित्र मेळ आहे.

याचे परिणाम केवळ निवाऱ्यापुरते नाहीत. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर शहर जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा सतरावरून दहावर आल्या, उपनगरांच्या सव्वीस झाल्या. लोकशाहीत हे न्याय्यच आहे. पण जो माणूस दिवसाचे दहा तास बेटावर राबतो, तेथील पाणी पितो, पुलावरून चालतो, त्याचा तेथील कारभारावर अधिकार नाही, आणि जेथे तो केवळ झोपण्यापुरता जातो तेथे त्याला प्रश्न विचारण्यास वेळ नाही. शिरगणती माणूस झोपतो तेथे त्याला मोजते. तो राबतो तेथे त्याची मोजदाद कोण करणार?

अलीकडच्या दोन घटना आशादायक आहेत, पण अपुऱ्या. गिरणी कामगारांना २०१२ पासून सोडतीने घरे मिळू लागली. मात्र अर्जदार दीड लाखांच्या वर आणि बेटावर जागा थोडी, म्हणून पुढील काही घरे पनवेलजवळ कोन येथे द्यावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशेसाठ फुटांत शंभर वर्षे काढलेल्यांना हे घर मिळाले, याचा आनंद आम्हांसही आहे. आता कसोटी पुढची आहे. उंच इमारतीची उद्वाहने, पंप, देखभाल यांचा मासिक खर्च त्या कुटुंबांच्या मिळकतीत बसला, तरच ती तेथे टिकतील. न बसल्यास घर विकून तीही विरारची गाडी धरतील, आणि वरळी सुधारली असे कागदावर लिहिले जाईल. प्लेगनंतर झाले ते याहून निराळे नव्हते.

२०२१ ची जनगणना लांबणीवर पडली आणि जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली. २०११ मध्ये कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि प्रवासाचे साधन गणनेत विचारले गेले होते. नव्या गणनेच्या तक्त्यांत वस्ती, घर आणि कामाचा प्रवास ही तिन्ही पाने शेजारीशेजारी ठेवून वाचली जावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे. शहरात किती मजले चढले यापेक्षा, ज्याचे काम शहरात आहे त्याचे घर शहरापासून किती कोस दूर गेले, हे मोजणे अधिक अगत्याचे आहे. जिल्ह्याची लोकसंख्या घटली, म्हणजे दाटी सुटली, असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. दाटी तेवढीच आहे. ती खोलीतून उठून लोकलच्या डब्यात गेली आहे.