रावबहादुर लोखंडे यांच्या मागण्या आणि मजुरीचा कायदा

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपल्या समाजात आदराने घेतले जाते. परंतु बहुधा ते रविवारच्या सुट्टीपुरतेच. त्यांनी मागितले काय, आणि कायद्याने त्यांपैकी काय व केव्हा दिले, हा हिशेब मांडून पाहणे आम्हांस उचित वाटते.

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या कामाचे तास बांधून दिले. प्रौढांच्या तासांस वा वेतनास त्याने हातही लावला नाही. म्हणून सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन सिद्ध केले. आठवड्यास एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, ह्या त्यातील प्रमुख मागण्या होत. पगाराची मागणी विशेष बोलकी आहे. पगार लांबला की घर उधारीवर चालते, आणि मुळातच तुटपुंजी असलेली मजुरी व्याजापायी आणखी घटते.

१० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व विश्रांती दिली. परंतु अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ साली, वेळेवर पगाराचा १९३६ साली, आणि किमान वेतनाचा १९४८ साली झाला. सुट्टीस ७ वर्षे लागली, भरपाईस ३९ आणि वेळेवर पगारास ५२! जेथे मालकाच्या थैलीस हात घालावयाचा होता, तेथे कायद्याची पावले जड झाली.

गिरणीत कायदा काही अंशी तरी पाळला गेला, ह्याचे कारण उघड आहे. तेथे हजारो कामगार एकत्र होते, हजेरीपट होता, तपासनीस येई व पुढे संघटनाही उभ्या राहिल्या. शेतमजूर १९४८ च्या कायद्याच्या कक्षेत आला खरा. पण विखुरलेल्या मळ्यांत ना हजेरीपट, ना संघटना. २०१९ च्या वेतन संहितेत जुने कायदे एकत्र गुंफले गेले. तरीही दाद मागणारा एकटा असेल, तर कलम कागदावरच राहावयाचे.

आपल्यात बागाइतदार पुष्कळ आहेत. फुले खुडणाऱ्या व भाजी काढणाऱ्या मजुरिणीस आपण देतो ती मजुरी त्यांनी सरकारी दराशी ताडून पाहावी, व कमी भरल्यास आपण होऊन वाढवावी. लोखंड्यांच्या तसबिरीस हार घालण्याचा अधिकार त्यानेच आपणांस प्राप्त होईल, असे आमचे नम्र मत आहे.