तटबंदीच्या आधीचं शहर: एका फ्रेंच पाहुण्याने काय पाहिलं?

छत्रपती संभाजीनगरचा इतिहास म्हटलं की आपण लगेच दरवाजे मोजायला लागतो. पैठण गेट, मकई गेट, रोशन गेट. आज मात्र अशा माणसाबद्दल बोलूया, ज्याने हे शहर तटबंदी नसताना पाहिलं.

त्याचं नाव झां द तेव्हनो. जन्म पॅरिसचा, १६३३ चा. १६६६ च्या जानेवारीत तो सुरतेला उतरला आणि तिथून दख्खनच्या वाटेने आपल्याकडे आला. तेव्हा शहराला औरंगाबाद हे नाव पडून पंधरा वर्षंही झाली नव्हती. त्याआधीचं नाव फतेहनगर, त्याच्याही आधी खडकी.

तेव्हनोने लिहिलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. घरं बहुतेक दगडी, बऱ्यापैकी उंच. दारांसमोर, रस्त्यातच, भरपूर झाडं. बागांत द्राक्षं, संत्री. सराया आहेत, हमाम आहेत. आणि सगळ्यात भारी नोंद: इथल्या बिनशिंगी मेंढ्या इतक्या दणकट, की त्यांना लगाम-खोगीर घालून दहा-दहा वर्षांची पोरं त्यांच्यावर बसून फिरतात!

आता हे खरं कशावरून? मी सॉफ्टवेअरवाला, रोज लॉग वाचतो. एकाच लॉगवर विश्वास ठेवायचा नाही, दुसरीकडे पडताळायचं, ही सवयच लागलीय. मेंढ्यांचं पडताळणं अवघड आहे. पण तो म्हणतो, शहराला तट नाही. आणि तट खरंच नंतरचा. १६८२ मध्ये औरंगजेब स्वतः दख्खनेत येऊन ठाकला, त्याच सुमारास मराठ्यांच्या हल्ल्यांपासून बचाव म्हणून तो बांधला गेला. म्हणजे एवढ्या बाबतीत तरी पाहुणा बरोबर आहे.

त्याच काळातला दुसरा फ्रेंच प्रवासी, जवाहिऱ्या ताव्हर्निये. त्याच्या लक्षात राहिल्या त्या इथल्या मकबऱ्यासाठी संगमरवर वाहणाऱ्या तीनशेवर गाड्या. सगळ्यात लहान गाडीलाही बारा बैल! हेही महत्त्वाचंच. पण मकबरा आजही उभा आहे, जाऊन बघता येतो. दारासमोरची ती झाडं आणि मेंढीवरची पोरं कुठे बघणार?

खरी गंमत इथेच आहे. दरबारी बखरकार स्वाऱ्या आणि मनसबी लिहितो, गल्लीतलं झाड त्याच्या खिजगणतीत नसतं. आणि गल्लीत राहणाऱ्याला त्यात लिहिण्यासारखं काही वाटत नाही, कारण ते रोजचंच. नवल वाटतं ते परक्याला. पण परका चार दिवस राहून निघून जातो. मेंढीवरच्या पोरांची नावं काय, ती कुठला खेळ खेळायची, आपसांत कुठली भाषा बोलायची, यातलं काहीच तेव्हनोने लिहिलेलं नाही. परतीच्या वाटेवर, १६६७ च्या नोव्हेंबरमध्ये, इराणात तो वारला. वय अवघं चौतीस.

आपल्या हातात मात्र फोन आहे. गुलमंडी असो, बेगमपुरा असो नाहीतर सिडको, आपल्या गल्लीत वीस वर्षांपूर्वी कुठलं झाड होतं, सकाळी कोण काय विकायला यायचं, हे आजी-आजोबांना विचारा आणि रेकॉर्ड करून ठेवा. आपल्या गल्लीबद्दल लिहायला पुन्हा पॅरिसहून कोणी यावं, याची वाट कशाला बघायची?

चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!