त्रास की संमती? नकोशा जाहिरात-संदेशांविरुद्धच्या कायद्याची गोष्ट

१/ नागपुरातील एखाद्या ग्राहकाच्या मोबाइलवर मिहानलगतच्या भूखंडाची न मागितलेली जाहिरात आली, तर १९०९ या क्रमांकावर तक्रार करण्याची सोय त्याला आहे. या साध्या सोयीच्या मागे दोन कायद्यांचा इतिहास आहे. एकाने जाहिरातदाराला लगाम घातला. दुसऱ्याने पालघरच्या दोन तरुणींना अटक घडवली.

२/ प्रश्न जुना आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकी संगणक कंपनीच्या एका विक्री-अधिकाऱ्याने ‘अर्पानेट’ या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरातीची ई-मेल धाडली. पाठवणाऱ्याचा खर्च नगण्य, मनस्ताप मात्र वाचणाऱ्याचा, हे गणित तेव्हापासून बदललेले नाही.

३/ भारतात मोबाइल घरोघरी पोहोचल्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जून २००७ मध्ये पहिले विनियम केले. त्यातून ‘डू नॉट कॉल’ ही राष्ट्रीय नोंदवही आली. २०१० चे अधिक कडक विनियम २७ सप्टेंबर २०११ पासून लागू झाले. जाहिरातींचे सात वर्ग पडले, त्यांत स्थावर मालमत्ताही होती. रात्री ९ ते सकाळी ९ या वेळेत जाहिरातींना बंदी झाली.

४/ त्याच वेळी प्रत्येक सिमकार्डावरील रोजच्या एसएमएसवरही मर्यादा आली, आधी १०० आणि पुढे २००. हा नियम जाहिरातदार नसलेल्या सामान्य माणसालाही लागू होता. जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वैयक्तिक संदेशांपुरता तो रद्द केला. व्यापार सोडून संवादाला हात लागताच कायदा अडखळला.

५/ दुसरा मार्ग संसदेचा. माहिती तंत्रज्ञान कायद्यात नवे कलम ६६-अ आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आले. त्रास वा गैरसोय व्हावी, किंवा संदेश कोठून आला याबाबत फसवणूक व्हावी, या हेतूने ई-मेल वा संदेश पाठवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नकोशा व फसव्या ई-मेलला आळा घालणारे म्हणून हे उपकलम वाचले गेले. मात्र त्यात ‘व्यापारी’ हा शब्द नव्हता, संदेश घाऊक असण्याची अट नव्हती आणि संमतीचा उल्लेखही नव्हता.

६/ या शब्दांचे मूळ १९३५ च्या ब्रिटिश टपाल दुरुस्ती कायद्यात सापडते. तो टेलिफोन आणि तारेवरून एका व्यक्तीने दुसरीला दिलेल्या उपद्रवासाठी होता. तीच भाषा आता लाखो लोक वाचतील अशा माध्यमाला लावली गेली.

७/ १८ नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबईचे व्यवहार थांबले होते. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरच्या एका तरुणीने या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली आणि गुन्ह्यात कलम ६६-अ लागले. मजकुरात विकण्याजोगे काहीच नव्हते.

८/ त्याच महिन्यात श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ६६-अ संपूर्णपणे घटनाबाह्य ठरवले. एकाला त्रासदायक वाटणारे दुसऱ्याला तसे वाटेलच असे नाही. इतक्या संदिग्ध शब्दांवर तुरुंगवास उभा राहू शकत नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. तरीही या मृत कलमाखाली खटले चालूच राहिले. ते थांबवण्याचा आदेश न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये द्यावा लागला.

९/ ट्रायची वाट मात्र टिकली. २०१८ च्या विनियमांनी जाहिरातदारांची, त्यांच्या संदेशांच्या नमुन्यांची आणि ग्राहकाच्या संमतीची नोंद ब्लॉकचेनवर आणली. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम २८ ने अशा संदेशांसाठी पूर्वसंमतीची तरतूद थेट संसदेच्या कायद्यात नेली.

१०/ दोन्ही कायद्यांची सुरुवात वैतागलेल्या माणसापासूनच झाली. एकाने विचारले, “हा संदेश विक्रीचा आहे का, आणि घेणाऱ्याने होकार दिला होता का?” दुसऱ्याने विचारले, “कोणाला त्रास झाला?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर तक्रारदाराच्या मनात असते, आणि २०१२ मध्ये त्याची किंमत पालघरच्या दोघींनी मोजली.